काचेवरचं कार्ड

आल्मूट वियार्डाला कायदा तोंडपाठ होता, आणि कायदा तोंडपाठ असलेल्या माणसाला शेजाऱ्याच्या चुका जरा जास्तच ठळक दिसतात. वेस्टरझीलच्या बाजारचौकातलं औषधांचं दुकान तिला वडिलांकडून मिळालं होतं. गेली सव्वीस वर्षं तिने ते असं चालवलं होतं, की तपासनीस आला तर त्यालाच आपला टाय सरळ करावासा वाटावा. गावात तिच्यामागे तिला 'कलमबाई' म्हणत. तिला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

पण गेलं वर्षभर या कलमबाईच्या पोटात दुखत होतं आणि दुकानातल्या शेकडो खणांपैकी एकातही त्यावर औषध नव्हतं. त्या दुखण्याचं नाव इमके उबेन.

इमके आल्मूटच्याच हाताखाली शिकलेली. मलम घोटताना मनगट कसं फिरवायचं, गिऱ्हाईक लाजत असेल तर आपण नजर कुठे ठेवायची, हे सगळं आल्मूटने तिला शिकवलं होतं. सहा वर्षांपूर्वी इमके म्हणाली, "बाई, मला आता स्वतःचं काहीतरी करायचंय," आणि बंदराकडच्या बंद पडलेल्या बँकेच्या जागेत तिने आपलं दुकान थाटलं. आल्मूटने फुलांचा गुच्छ पाठवला, आणि दोन वर्षांत हिचं शटर खाली येणार, असं मनाशी म्हणून घेतलं. शटर काही खाली आलं नाही. उलट गेल्या वसंतात कायदा बदलला, डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळणारा औषधी गांजा इतर कुठल्याही वेदनाशामकासारखा साधा झाला, आणि इमकेने त्याचं एक अख्खं कपाट भरलं. पाठदुखीवाले, हात थरथरणारे, कर्करोगाने पोखरलेले, सगळे तिच्याकडे जायला लागले. बेटांवरची म्हातारी माणसं बोटीने यायची आणि आल्मूटच्या दारावरून पुढे निघून जायची.

"माझ्या दुकानात तो पाला येणार नाही," असं आल्मूटने पहिल्याच दिवशी जाहीर केलं होतं. खरं तर चिठ्ठी घेऊन कुणी आलं असतं तर तिला औषध द्यावंच लागलं असतं, तसा नियमच आहे. पण बाईंचा चेहरा पाहून कुणी आलंच नाही.

तिच्याकडे कामाला रेन्स्के होती, वडिलांच्या वेळेपासून, गेली अठ्ठावीस वर्षं. रेन्स्केला काउंटरवर हात चालवता चालवता गावाची खबर ठेवायची कला साधली होती. मार्चमधल्या एका सकाळी खोकल्याच्या बाटल्या लावता लावता ती म्हणाली, "बाई, हाब्बोदादांचा पाय आता बराच बरा दिसतो, नाही?"

"ब जीवनसत्त्व," आल्मूट म्हणाली. "मी गोळ्या बदलल्या ना सप्टेंबरात. सगळ्यांना सांगतेय मी."

आणि ती खरंच सगळ्यांना सांगत होती. हाब्बो तिचा नवरा. समुद्र अडवणाऱ्या बांधांची मोजणी करणाऱ्या खात्यात त्याची सगळी नोकरी गेली. चार वर्षांपूर्वी ओल्या बांधावरून तो घसरला, पाठीची दोन ऑपरेशनं झाली, आणि डाव्या पायात विजेचा झटका बसावा तशी कळ कायमची राहून गेली. आल्मूटने त्याच्यासाठी काय नाही केलं? फ्रिजवर गोळ्यांचं वेळापत्रक लावलं, रंगीत खुणा केल्या, दर रविवारी डबीचे सात कप्पे स्वतः भरले. सप्टेंबरनंतर तो सावरायला लागला तेव्हा काउंटरवरून ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "आमच्या हाब्बोलाच बघा ना!"

"हो का, ब जीवनसत्त्व," रेन्स्के म्हणाली आणि एक बाटली उगाचच फिरवून ठेवली. "मला वाटलं, चहामुळे असेल."

"कुठल्या चहामुळे?"

"बंदराकडे. तीनचा चहा. माझी बहीण जाते ना तिकडे, तिच्या हातांसाठी. ती म्हणाली, हाब्बोदादा असतात रोज. तिसरा कप घेतल्याशिवाय उठत नाहीत."

आमच्याकडे, उत्तरेच्या या किनाऱ्यावर, दुपारी तीनचा चहा म्हणजे चहा नसतो, वेळ असते. खडीसाखरेवर गरम चहा ओततात, ती तडतडते, वरून साय सोडतात आणि ढवळत नाहीत. तीन कप होईपर्यंत पाहुणा उठत नाही. वर्षानुवर्षं हाब्बो तीनला दुकानामागच्या खोलीत येऊन आल्मूटबरोबर चहा घ्यायचा. म्हणजे तो तिथे बसायचा, आणि ती एक घोट घेऊन बाहेरच्या घंटीसरशी उठायची. सप्टेंबरपासून तो म्हणायला लागला, की डॉक्टरांनी तीनला बांधावर चालायला सांगितलंय. तिने म्हटलं होतं, छान.

त्या दिवशी पावणेतीनला तिने रेनकोट चढवला आणि "बँकेत जाऊन येते," असं सांगून निघाली. बँक चौकातच होती, आणि ती बंदराकडे गेली.

इमकेच्या दुकानाच्या काचेत पानाच्या आकाराचा हिरवा दिवा लागला होता. त्याखाली फळी: 'औषधी गांजाबद्दल बोलूया. लाजू नका.' आणि काचेच्या आत एका दोरीला चिमटे लावून कार्डं टांगलेली, रुग्णांनी लिहिलेली. आल्मूट हातभर अंतरावर वाकून वाचायला लागली. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून म्हणतात ते हेच. पहिलं कार्ड एका आजीचं होतं, दुसरं कुणा कोळ्याचं. तिसरं तिने वाचायच्या आधीच ओळखलं.

नकाशावर गावांची नावं लिहावीत तशी सरळ, सुटी, मोठी अक्षरं. तेहतीस वर्षं तिला वाढदिवसाला त्याच अक्षरांतलं कार्ड मिळत होतं.

'चार वर्षांनी पहिल्यांदा सलग सहा तास झोपलो. इथे कुणाला घाई नसते. आभार. ह.'

तिने काचेतून आत पाहिलं. दोन खुर्च्या, किटलीखाली मेणबत्ती, आणि हाब्बोची पाठ. समोर इमके, पांढऱ्या कोटात, गुडघ्यांवर कोपरं टेकून ऐकत असलेली. हाब्बो काहीतरी सांगत होता. हात हवेत उंच करून सांगत होता, म्हणजे बांधाची गोष्ट असणार, पुराच्या वर्षीची. ती गोष्ट आल्मूटला पाठ होती. शेवटची कधी ऐकली ते मात्र आठवेना. इमके हसली. बत्तीस-तेहतीसची पोर, धड सुंदरही नाही, दात पुढे आलेले. आल्मूटच्या अंगाचा तिळपापड झाला. दुसऱ्या कुणी बाईने नवरा पळवला असता तर गावाने निदान हळहळ तरी केली असती. इथे चहाच्या कपाआड सवत येऊन बसली होती, आणि तक्रार तरी कशाची करायची?

घरी संध्याकाळी बटाटे सोलता सोलता तिने विचारलं, "आज किती लांब गेलास?"

"शेवटच्या बाकापर्यंत," हाब्बो म्हणाला.

"थंडी असेल."

"नाही. ऊब होती आज."

तिने पुढचा बटाटा घेतला. विचारता आलं असतं. पण विचारायचं तर दोन वर्षांपूर्वीचं सगळं पुन्हा निघालं असतं. तेव्हा डॉक्टरने पहिल्यांदा गांजाचं नाव काढलं होतं, आणि हाब्बोने दुकानात येऊन, काउंटरवर दोन्ही हात ठेवून, हळूच विचारलं होतं, "आल्मूट, करून बघायचं का?" दोन गिऱ्हाइकं उभी होती. आल्मूट त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली होती, "कलमबाईचा नवरा गांजा ओढतो, असं म्हणू दे का गावाला?" गिऱ्हाइकं हसली होती. हाब्बोही हसला होता. त्यानंतर त्याने तो विषय काढला नव्हता, आणि तिला वाटलं होतं, पटलं त्याला.

इमकेला विचारणं तर शक्यच नव्हतं. आपल्या दुकानात कोण येतं, काय नेतं, हे औषधवाल्याने कुणाला सांगायचं नसतं, अगदी त्या गिऱ्हाइकाच्या बायकोलाही नाही. हा नियमही इमकेला आल्मूटनेच शिकवला होता.

पण दुसरा एक नियम होता. चिठ्ठीवर मिळणाऱ्या औषधाची जाहिरात सामान्य माणसापुढे करायची नाही; डॉक्टरांपुढे, औषधवाल्यांपुढे काय ती करा. बरं झालेल्या रुग्णाची वाहवा काचेवर लटकवणं तर त्याहून वाईट. आणि आमच्या देशात असं काही दिसलं तर पोलिसाकडे जावं लागत नाही. धंद्यातला दुसरा माणूसच वकिलाकरवी नोटीस धाडतो: हे बंद करा, पुन्हा करणार नाही अशा हमीपत्रावर सही करा, परत केलंत तर दंड. दुसऱ्या दिवशी आल्मूट पुन्हा बंदराकडे गेली, आणि तिने मोबाइलवर काचेचे सात फोटो काढले. त्यांतले चार तिसऱ्या कार्डाचे होते.

वकील टामेन जाड, आळशी आणि हुशार होता. फोटो पाहून त्याने चष्मा वर सरकवला.

"दिवा, फळी, कार्डं. उघडउघड आहे सगळं. पोरगी नवखी आहे की काय?"

"माझ्या हाताखाली शिकलीय."

"मग तुम्ही नुसती हाक मारून सांगितलं असतंत तरी तिने काढलं असतं."

"कायदा हाका मारत नाही, टामेनसाहेब."

"नाही, तो मला फी देतो," टामेन म्हणाला. "यातलं सगळ्यात जड कार्ड कुठलं धरू?"

आल्मूटने तिसऱ्यावर बोट ठेवलं. "हे. सहा तास झोप. म्हणजे परिणामाचं वचनच झालं की."

"लिहिणारा कोण आहे, कल्पना आहे?"

"कोण जाणे," आल्मूट म्हणाली. आयुष्यात तिने मात्रेबद्दल कधी खोटं सांगितलं नव्हतं, आणि हे तोंडातून किती सहज निघालं याचं तिचं तिलाच नवल वाटलं.

टामेनने कार्डाभोवती लाल पेनने गोल काढला. आल्मूट उठली नाही.

"आणखी एक. चहा."

"कसला चहा?"

"फुकटचा. चिठ्ठीच्या औषधाबरोबर भेटवस्तू द्यायची नाही. एका औषधवाल्याला पावाच्या कूपनावरून वरच्या कोर्टाने धरलं होतं, तुम्हाला माहीत आहे. पाव चालत नाही तर चहा कसा चालेल?"

टामेनने पेन खाली ठेवलं. "वियार्डाबाई, तिकडे दक्षिणेत, बव्हेरियात, हे मी न विचारता नोटिशीत टाकलं असतं. पण आपण कुठे राहतो? इथे चहा ही भेट नसते. 'बसा' म्हणण्याची पद्धत असते. मी माझ्या विरुद्ध पक्षाच्या वकिलालाही पाजतो."

"घाला," आल्मूट म्हणाली.

त्याने घातला. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी अशी ही सगळी गत होती. भांडण घरात होतं आणि नोटीस बंदराकडे चालली होती. पण आल्मूटला त्या संध्याकाळी वर्षभरात पहिल्यांदा जेवण गोड लागलं.

नोटिशीला आठ दिवसांची मुदत होती. पाचव्या दिवशी इमके स्वतःच आली, हातात सही केलेलं हमीपत्र घेऊन. ते वकिलाकडे धाडायचं असतं, पण ती आली. दुकानात रेन्स्केशिवाय कुणी नव्हतं.

"मॉइन, बाई," इमकेने आमच्याकडचा नमस्कार घातला. "दिवा काढला. फळी काढली. कार्डं काढली. चूक माझीच होती, तुमच्याकडे शिकूनही विसरले. लोक आधी इतके लाजत यायचे ना, तेव्हा वाटलं, आधीच्यांनी लिहिलेलं वाचून यांना जरा धीर येईल."

"धीर द्यायचं काम डॉक्टरचं."

"हो." इमकेने कागद काउंटरवर ठेवला. "पण बाई, चहा?"

"कलम सातमध्ये आहे ते."

"कलमात असेल. माझ्या आजीने पुराच्या वर्षी छपरावर बसून शेजाऱ्यांना चहा दिला होता." ती रागावलेली नव्हती, आणि आल्मूटला त्याचाच जास्त राग आला. रडली असती, भांडली असती, तर बरं वाटलं असतं. "असो. सही केलीय. कार्डंही ज्याची त्याला परत केली. कारण विचारलं तेव्हा नोटीस दाखवावी लागली. फोटोंसकट."

आल्मूटने कागदावरून मान वर केली. "कुणाकुणाला दाखवलीस?"

"ते मी सांगू शकत नाही, बाई," इमके म्हणाली. "तुम्हीच शिकवलंत." आणि दाराची घंटी वाजवून ती निघून गेली.

त्या संध्याकाळी आल्मूट घरी आली तेव्हा कार्ड फ्रिजवर होतं, गोळ्यांच्या वेळापत्रकाशेजारी, त्याच चुंबकाखाली. चिमट्याची खूण वरच्या कडेला तशीच होती. हाब्बो टेबलाशी बसून मासा साफ करत होता.

"मॉइन," तो म्हणाला.

"मॉइन."

घरात जाहिरातीचा कायदा चालत नाही. ते कार्ड तिथेच राहिलं, आणि दूध काढायला, लोणी काढायला, प्रत्येक वेळी तिला ते वाचावं लागलं. 'इथे कुणाला घाई नसते.' हाब्बो ते काढत नव्हता, ती त्याला हात लावत नव्हती, आणि दोघंही त्याबद्दल अक्षर बोलत नव्हते. तो चिडला असता तर तिच्याजवळ उत्तर तयार होतं: तू माझ्यापासून लपवलंस, खोटं बोललास, बांधावर जातो म्हणालास. तिने ते उत्तर गाडीत दोनदा मोठ्याने म्हणूनही पाहिलं. पण हाब्बो चिडला नाही. मीठ मागायचा, मीठ द्यायचा.

गाव मात्र गप्प बसलं नाही. दिवा गेला याचं कुणाला काही वाटलं नाही, कार्डांचंही नाही. पण कलमबाईने चहा बंद केला, ही बातमी बेकरीत, चर्चमध्ये, बोटीच्या धक्क्यावर, सगळीकडे पसरली. दुधवाला म्हणाला, "बाई, तुमच्या दुकानात शिंकलं तर चालतं ना, की त्यालाही नोटीस?" सव्वीस वर्षांची गिऱ्हाइकं औषध घेऊन लगेच निघायला लागली. रेन्स्केने तर खबरी आणणंच बंद केलं. तीनला ती मागच्या खोलीत जाऊन एकटी चहा प्यायची आणि दार ओढून घ्यायची.

एप्रिलच्या दुसऱ्या सोमवारी, तीन वाजता, दुकानात चार माणसं रांगेत होती. पाचवा हाब्बो येऊन उभा राहिला. फरशीवर पिवळी पट्टी असते, पुढच्याचं बोलणं मागच्याला ऐकू जाऊ नये म्हणून. तो बरोबर त्या पट्टीमागे, टोपी हातात घेऊन.

"हाब्बो, आत ये ना," आल्मूट काउंटरवरून म्हणाली.

"नको. माझा नंबर येईल."

तिने चौघांना कसंबसं आटपलं. हाब्बो पुढे आला आणि त्याने चिठ्ठी काउंटरवर ठेवली, दोन्ही हातांनी सरळ करून.

"नमस्कार, वियार्डाबाई. हे तुमच्याकडे मिळेल का?"

तेहतीस वर्षांत तो तिला 'तुम्ही' म्हणाला नव्हता, अगदी पहिल्या भेटीतही नाही. मागे दोन बायका येऊन उभ्या राहिल्या होत्या. आल्मूटने चिठ्ठी वाचली. फुलं, मात्रा, वाफेने घ्यायची, डॉक्टरची सही. सगळं नियमात होतं. ती नाही म्हणू शकत नव्हती.

"शिल्लक नाही," ती म्हणाली. "मागवावं लागेल. उद्या दुपारी."

"चालेल."

"याआधी घेतलंय?" हा प्रश्न विचारावाच लागतो.

"सात महिने."

"दुसरी औषधं?"

"फ्रिजवर यादी आहे. पण ब जीवनसत्त्व मी नोव्हेंबरातच सोडलं."

मागची एक बाई खोकली. आल्मूटचे कान तापले. "घेतल्यावर गाडी चालवायची नाही," ती म्हणाली, "आणि..." पुढचं तिला पाठ होतं, पण आठवेना. तिने आवाज खाली आणला. "फरक पडतो का खरंच?"

हाब्बोने टोपी घातली. "त्याबद्दल दुकानात बोलायचं नसतं, बाई. तशी नोटीस आलीय."

दुसऱ्या दिवशी सकाळी माल आला. असं औषध आलं की दुकानदाराने ते तपासून घ्यायचं असतं, हे तेच आहे ना याची खात्री करून नोंद ठेवायची असते. आल्मूटने मागच्या प्रयोगशाळेत दार लावून फुलाचा कण सूक्ष्मदर्शकाखाली धरला. बारीक बारीक केस, त्यांच्या टोकांवर चकचकीत थेंब. वास पावसातल्या पाइनच्या लाकडासारखा होता. हा वास घरात सात महिने होता, त्याच्या स्वेटरला, उशीला. तिला तो बांधाचा वाटत आला होता. मग तिला इमकेचे हात दिसले, दर महिन्याला त्याच्यासाठी हेच तपासणारे, तोलणारे, डबीवर त्याचं नाव लिहिणारे. आल्मूटने डबीवर नाव लिहिलं, ते बरं दिसेना म्हणून चिकटपट्टी काढली आणि पुन्हा लिहिलं. दुपारी दोनपासून ती दर घंटीला मान वर करत होती.

तो तीनला आला. रांगेत उभा राहिला. या वेळी मागे तीन माणसं होती, रेन्स्के दाराजवळच्या रॅकवर हातमोजे लावत होती.

आल्मूटने डबी पुढे केली, मात्रा समजावली, एक शब्द कमी नाही, एक जास्त नाही. आणि शेवटी तो प्रश्न, जो ती प्रत्येकाला विचारते. "आणखी काही विचारायचंय?"

"एकच," हाब्बो म्हणाला. आता त्याच्या आवाजात 'वियार्डाबाई' नव्हत्या. "तू काचेतून कार्ड वाचलंस. माझं अक्षर ओळखलंस. मी सहा तास झोपलो, असं त्यात लिहिलं होतं. चार वर्षं तू माझं कण्हणं ऐकलंस, आल्मूट. ते वाचल्यावर तुला बरं वाटलं का?"

ती म्हणू शकत होती, की इथे माणसं आहेत. ती म्हणू शकत होती, तू लपवलंस. गाडीत पाठ केलेलं सगळं जिभेवर होतं. पण तो मोजणीच्या काठीकडे पाहतात तसा तिच्याकडे पाहत होता, आकडा जो येईल तो लिहून घ्यायला तयार. आणि तिला स्वच्छ आठवलं: ओला फुटपाथ, दिवा, ती तीन वाक्यं. पहिल्या वाक्यावरून तिची नजर घसरतच गेली होती. थांबली होती ती दुसऱ्यावर.

"नाही," ती म्हणाली.

"अजिबात?"

"मला फक्त ती दिसली. चहा दिसला. झोपेचं मी वाचलंच नाही नीट."

हाब्बोने मान हलवली. डबी कोटाच्या खिशात ठेवली, खिशाचं बटण लावलं. "खरं बोललीस, बरं झालं," तो म्हणाला. "त्या सकाळी मी इमकेकडे गेलो आणि म्हणालो, पोरी, झोप लागली. तर ती रडली. काउंटरमागे उभी राहून रडली. म्हणून मी कार्ड लिहिलं. मला वाटलं, एवढ्या आनंदाला काहीतरी लिहून द्यावं."

मग तो वळला, रांगेतल्या माणसांना टोपी काढून मॉइन म्हणाला आणि घंटी वाजवून बाहेर पडला.

आल्मूट उभी होती. आता आपल्याला लाज वाटायला हवी, रडू यायला हवं, हे तिला कळत होतं. पण पोटात आधी उठलं ते दुसरंच: ती बातमी त्याने आधी इमकेला सांगितली. त्या सकाळी तो माझ्या शेजारून उठला असणार, आणि चालत तिच्याकडे गेला. दुकानातून उजवीकडे गेलं की घर, डावीकडे बंदर. तिने मान लांब केली. काचेवर खोकल्याच्या औषधाची जाहिरात लावलेली होती, चिठ्ठी न लागणारं औषध, पूर्णपणे कायदेशीर, एका हसऱ्या कुटुंबासह, काचेएवढी मोठी. तिच्याआड रस्ता दिसत नव्हता.

रेन्स्के दाराशीच होती. तिथून सगळं दिसतं. हातातले मोजे तसेच धरून ती बाहेर पाहत होती.

"रेन्स्के," आल्मूट म्हणाली, "कुठल्या बाजूला वळला गं तो?"

रेन्स्केने मोजे रॅकवर ठेवले आणि तिच्याकडे वळून पाहिलं.

"पुढचं गिऱ्हाईक खोळंबलंय, बाई," ती म्हणाली.